साहेबाला चाकण दाखवलं तो शनिवार

काही घ्यायचं नाही, काही विकायचं नाही, कुणाचं लग्न नाही की कुणाचं मर्तिक नाही, आणि तरीही माणूस नुसतं बघायला म्हणून एखाद्या गावातून पायी हिंडतो, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती पिंपरीच्या कारखान्यात. सांगणारा इंग्रज होता. नवी यंत्रं जोडून द्यायला तो विलायतेहून आला होता आणि मी त्याच्या हाताखाली होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल टाकलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो होतो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो झाकून ठेवायची गरज मला कधी वाटली नाही.

दुपारच्या सुट्टीत मी डबा खायचो, साहेब पावाला लोणी लावत त्याच्या गावाचं सांगायचा. ते काही लंडन नव्हतं. बाजाराचं गाव होतं. आठवड्याला बाजार भरायचा, मेंढ्या आणि गुरं यायची. मधल्या चौकात एक जुना दगडी खांब होता, नदीवर त्याहून जुना पूल होता. आणि त्या गावात एक पेन्शनीतला मास्तर होता. उन्हाळ्यात दर रविवारी तो चौकात येऊन उभा राहायचा आणि जमतील तेवढ्या लोकांना घेऊन गावातून चालत निघायचा. ही भिंत एवढी जाड का, ही गल्ली मध्येच वाकडी का, इथं पूर्वी कोण बसायचं, असं काठीनं दाखवत अख्खी दुपार काढायचा.

"आणि लोक येतात?" मी विचारलं.

"पाऊस असला तरी येतात."

"बाहेरगावचे?"

"बाहेरचे थोडे. गावातलेच जास्त."

हे मला काही केल्या उलगडेना. ज्या गल्लीतून रोज पाणी भरायला जायचं ती गल्ली रविवारी पुन्हा बघायला जायचं? आणि वर दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून घ्यायचं? पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "साहेब, माझंही गाव बाजाराचंच आहे. चाकण. शनिवारी बाजार असतो. आणि आम्हाला खांब नाही, किल्ला आहे."

तो चावायचा थांबला. म्हणाला, "मग मला दाखव. पायी."

आता इथं आमच्या मळ्याचं सांगायला हवं, कारण त्या शनिवारी जाता जाता राहिला तो मळा. किल्ल्याच्या बुजत आलेल्या खंदकापासून बैलबाजाराच्या माळापर्यंत आमचं रान होतं. त्यात विहीर होती, कांदा आणि भुईमूग निघायचा. मी शिकलो तो त्या मळ्यावर. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, बोलायला कमी आणि मनात धरून ठेवायला पक्के. पिंपरीला कारखान्यासाठी जमिनी गेल्या त्यात माझ्या आईच्या माहेरचंही रान गेलं. मोबदला मिळाला, नाही असं नाही. पण आबांच्या मनात बसला तो त्याचा क्रम. आधी टोपीवाला साहेब आला, मग टेप आली, मग कागद आला. त्याच कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा आबांनी पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात विहिरीवर बसून मला विचारलं, "तुमची कंपनी हिकडं तर न्हाई ना यायची?"

दुसरीकडून मंचरकडचा एक बैलांचा व्यापारी त्या मळ्यामागं लागला होता. बाजाराला लागून जागा, आत पाणी. त्याला तिथं बैलं बांधायची होती. आबा त्याला दाद देत नव्हते. पण "सरकारनं मोजणी केली म्हंजी सरकारचा भाव. त्याच्या आधी काय ते बघा," हे त्याचं वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून होतं.

मी घरी सांगावा धाडला होता तो एका ओळखीच्या गाडीवानाबरोबर. पोचला तो एवढाच, की पोरगा शनिवारी पाहुणा घेऊन येतोय.

कारखान्याला सुट्टी होती. साहेबानं जीप नको म्हटलं, म्हणून नाशिक फाट्यावरून एस.टी. पकडली. गोरा माणूस एस.टी.त बसलेला बघून कंडक्टरनं त्याला पुढची जागा दिली आणि तिथं आधी बसलेल्या बाईला कोंबड्यांच्या पाटीसकट मागं पाठवायला लागला. साहेब उठला, बाईला बसवलं, आणि मोशीपर्यंत उभा राहून पाटीतल्या कोंबड्यांकडं बघत राहिला. इंद्रायणीचा पूल आला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला. "पूल व्हायच्या आधी लोक नदी कुठून ओलांडायचे?" मला माहीत नव्हतं. ती कोंबडीवाली म्हणाली, "काय इचारतोय त्यो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "उतारानं की! आन् कुठनं?" उतार म्हणजे नदीची उथळ जागा, हे मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं आणि तो खूश झाला.

मी ठरवलं होतं की आधी किल्ला दाखवायचा, मग चक्रेश्वराचं देऊळ, आणि बाजार वाटेत येईल तेवढा. मी पाठ करून आलो होतो. मोगलांनी वेढा कसा घातला, आतल्या मूठभर लोकांनी किल्ला कसा लढवला, शेवटी सुरुंग लावून बुरूज कसा उडवला. शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं तसंच मी छाती पुढं काढून सांगितलं. साहेबानं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला, "उडाला तो बुरूज कुठला?"

आता आली पंचाईत. मला लढाई माहीत होती, पण ती ज्या जागेवर झाली त्या जागेवर बोट ठेवायचं म्हणजे काय, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. लहानपणी त्याच ढिगाऱ्यांवर आम्ही विटीदांडू खेळलो. आम्ही दोघं तटाच्या कडेकडेनं चालत राहिलो. साहेब म्हणाला, "जिथं भिंत दुरुस्त केली असेल तिथं दगड वेगळे असतील." आणि खरंच, मी पहिल्यांदाच दगडांकडं बघितलं. खाली मोठे, घडीव. वर कुठं कुठं बारके, ओबडधोबड, जणू दुसऱ्याच गवंड्यानं घाईनं भरलेले. एका जागी तर वीटच दिसली. दरवाज्यातून आत येणारी वाट सरळ का नाही, हे मला आजवर खटकलंच नव्हतं. साहेबानं विचारलं आणि मला तिथल्या तिथं सुचलं, की सरळ असती तर हत्ती पळत येऊन दरवाज्यावर धडकला असता. खरं-खोटं देव जाणे. पण मला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि मग माझा मलाच आवर राहिना. ती चौकट एका बाजूनं जास्त का झिजलीय? खंदकात पाणी कुठून आणत असतील? मी विचारायचो, तो विचारायचा. उत्तरं दोघांकडंही थोडीच होती. त्याच्या गावच्या मास्तरामागून लोक का चालतात, ते मला त्या तटाखाली उभं राहिल्यावर कळलं.

तिथंच साहेबानं खिशातून टेप काढली. इंजिनीअर माणूस, टेप त्याच्या खिशात कायमचीच असायची. त्याला घडीव दगडाची लांबी त्याच्या गावच्या पुलाच्या दगडाशी ताडून बघायची होती. मी टेपचं टोक धरलं. वर तटावर दोन शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागं एक म्हातारा. तो आमच्याकडं बघत होता. शेळ्या तिथंच टाकून तो गावाकडं चालू लागला, हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

तिथून देवळाकडं जाताना आम्ही बाजारात आलो, आणि देऊळ राहूनच गेलं. कांद्याच्या राशी, मिरच्यांचा ठसका, दोरखंडं, मडकी. साहेब एकेका पालापाशी थांबायचा आणि मला विचारायचा, की मडकी नेहमी ह्याच कोपऱ्यात का? मी कुंभाराला विचारलं. कुंभार म्हणाला, "हितनं गुरं जात न्हाईत म्हून." किती सोपं! मग आम्ही मुद्दाम बाजार कसा मांडलाय ते बघत हिंडलो. फुटणारं एकीकडं, वास येणारं वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि पाय असलेलं सगळं माळावर.

माळावर बैलबाजार. तिथं साहेबानं ते बघितलं ज्याच्यासाठी पुढं तो महिनाभर मला छळत होता. दोन माणसं समोरासमोर बसलेली, दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली, आणि तोंडातून शब्द नाही.

"हे काय चाललंय?"

"भाव," मी म्हणालो. "उपरण्याखाली बोटं धरून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेकडा की दहा, ते बैलाकडं बघून कळतं. बाहेर कुणाला कळायला नको."

"आणि मध्ये कुणी बोललं तर?"

"नाही बोलत. हात उपरण्याखाली असेपर्यंत तिसऱ्यानं त्या दोघांशी चकार शब्द बोलायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी. तो बाजाराचा कायदा आहे."

त्यानं तिथंच आपला हातरुमाल काढला, माझा हात खाली घेतला आणि माझी बोटं धरून बघायला लागला. भोवती माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "सायेब बैल घेतोय!" दुसरा म्हणाला, "बैल न्हाई रं, बीएस्सीलाच घेतोय. दात बघ म्हनावं आधी!" मीही हसलो.

पण सगळं हसू एका जातीचं नव्हतं. चहाच्या पालावरचा एक जण, माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकलेला, कपबशी हातात घेऊन पुढं आला.

"काय राव, किती एकर घेतलं कंपनीनं?"

"कसले एकर?"

"आता आमास्नी नको शिकवू, भावा. टेप टाकलीस ना सकाळी खंदकावर? त्यो शेळ्या सोडून पळत आला सांगत. म्हंजी खंदक, माळ, आन् मधला तुमचा मळा. साफ!"

"अरे, तो गाव बघायला आलाय!"

"गाव बघायला?" त्यानं आजूबाजूला बघितलं, सगळे हसले. "गावात बघायला काय हाय? आमी रोज बघतो की. इलायतेस्नं माणूस येतो, टेप घिऊन, आन् मडकी बघून जातो व्हय?"

महिन्यापूर्वी कारखान्यात मलाही हेच कोडं पडलं होतं. मी समजावून सांगू लागलो, तशी त्याची थट्टा उतरली. तो हळू आवाजात म्हणाला, "तू माझ्याशी नको बोलत बसू. तुझा आबा तिकडं बाभळीखाली बसलाय. मंचरच्या शेटच्या उपरण्याखाली हात हाय. मळ्याचं चाललंय."

मी साहेबाला हाताला धरून ओढतच नेलं. बाभळीखाली गर्दी होती. मध्ये आबा, समोर तो व्यापारी, दोघांच्या मांडीवर पांढरं उपरणं ताणलेलं. आबांनी मान वर केली. मला बघितलं, माझ्यामागच्या हॅटकडं बघितलं, आणि परत मान खाली घातली. त्या बघण्यात राग नव्हता. मला आधी सांगितलं असतंस तर, असं काहीतरी होतं.

जमीन काही बोटांवर कुणाच्या नावावर होत नाही, त्याला कागद लागतो, एवढं मलाही कळत होतं. पण आबांनी एकदा उपरण्याखाली हात दाबला, की पुढं कागद होईपर्यंत ते मागं फिरणारे नव्हते. जगबुडी आली तरी. आणि मला त्यांच्याशी बोलता येत नव्हतं. मी "आबा" एवढा शब्द उच्चारला असता तरी गर्दीतल्या चार जणांनी मला खांद्याला धरून मागं ओढलं असतं, आणि ते बरोबरच होतं.

मागून साहेबानं विचारलं, "इथं काय चाललंय? हे कोण?"

आणि मला वाट दिसली. बाजाराचा कायदा हात घालून बसलेल्यांशी बोलू नको म्हणतो. पाहुण्याला गाव दाखवू नको असं कुठं म्हणतो?

मी साहेबाकडं तोंड केलं, सकाळी बुरजापाशी काढला होता तसा आवाज काढला, आणि बोलायला लागलो. मराठीत.

"तर सायेब, ह्यो चाकणचा बैलबाजार. हे बसलेत ते माझे वडील. मागं हिरवा दिसतोय त्यो आमचा मळा. तुमी त्यो आत्ता पैल्यांदा बघताय, कारन तुमी जमिनीचे सायेब न्हाई. तुमी नटबोल्टाचे सायेब. सोमवारी सकाळी तुमी परत मशीनपाशी उभे ऱ्हाणार."

साहेबाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण माणूस शहाणा. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मान डोलावली.

व्यापारी वर न बघता म्हणाला, "ए पोरा, हात चालू हाय. गप ऱ्हा."

"शेट, मी तुमच्याशी कुठं बोलतोय? मी पाव्हन्याला गाव दावतोय."

गर्दीत खसखस पिकली. एक म्हातारा म्हणाला, "त्याचं बराबर हाय. त्यो सायबाशी बोलतोय. बोल रं."

"तर सायेब, सकाळी तुमी टेप लावली ती एका दगडाला. जमिनीला न्हाई. टेपचं टोक माझ्याच हातात व्हतं, म्हून मला ठावं. तुमच्या गावाला जुना पूल हाय, त्याचा दगड मोठा का आमचा, येवढंच तुमास्नी बघायचं व्हतं."

"मग मोठा कुनाचा निघाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"आपला!" मी म्हणालो. हे मी तिथल्या तिथं ठोकून दिलं, पण त्यानं काम केलं. गर्दी माझ्या बाजूला सरकल्याचं मला जाणवलं.

"आन् सायेब, ह्ये समोर बसलेत ते मंचरचे शेट. बैलातलं त्यांच्याइतकं कळनारा मानूस ह्या बाजारात न्हाई. त्यास्नी ह्या मळ्यात बैलं बांधायचीत. आता तुमीच इचार करा. मळा जर कारखान्यात जानार असंल, तर शेट बैलं बांधनार कुठं? बॉयलरला?"

हशा एवढा उठला की बांधलेली जनावरं बिचकली. साहेबही हसला, सगळे हसताहेत म्हणून. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो मुरलेला माणूस होता. सगळ्यांची नजर आता त्या उपरण्यावर होती. ते मध्ये एकदा उचलल्यासारखं झालं, खाली बसलं. मग बराच वेळ काहीच नाही. खाली कोण कुणाचं कुठलं बोट धरतंय, कोण चढतोय, कोण सोडतोय, काही कळायला मार्ग नव्हता. मला बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी साहेबाला बाभळीचं झाड दाखवलं. "ही बाभळ," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली.

आबांचा हात बाहेर आला. त्यांनी तो धोतराला पुसला.

"न्हाई जमत, शेट," ते म्हणाले.

व्यापाऱ्यानं उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि उठला. तोंडातून वाकडा शब्द नाही. जाताना मला फक्त म्हणाला, "कालेजात ह्येच शिकिवलं का?"

आबा माझ्याकडं आले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "पाव्हन्याला च्या पाजला का न्हाई?"

चहा झाला. आबांचं मन तरी पुरतं मोकळं झालं नव्हतं. मळ्यात शिरताना बांधावर थांबले आणि मला म्हणाले, "त्याला म्हनावं, टेप खिशातच ऱ्हाऊ दे." मी तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं टेप काढून आबांच्याच हातात दिली. आबांनी ती उलटसुलट करून बघितली, थोडी ओढली, ती सर्रकन आपोआप परत गेली तेव्हा दचकले, आणि मग पुन्हा ओढून बघितली. भाकरी-पिठल्याला साहेब बसला तोवर ती त्यांच्याच बंडीच्या खिशात होती. एस.टी.ला पोचवायला आले तेव्हा त्यांनी आठवणीनं परत केली.

एस.टी.त साहेबानं विचारलं, "बाभळीखाली तू मला नक्की काय सांगितलंस?"

"इतिहास," मी म्हणालो. मग त्याला सगळं खरं सांगितलं. तो पिंपरी येईपर्यंत एकच विचारत होता, की मग शेवटी भाव कितीवर गेला होता?

मलाही तेच हवं होतं. पुढच्या खेपेला मी आबांना विचारलं. "तुला काय करायचंय?" ते म्हणाले. मळा तर दिला नव्हता, व्यवहार मोडला होता, आता सांगायला काय हरकत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मोडला म्हून का झालं? उपरण्याखालचं हाय ते." आईनंही विचारून बघितलं. तिलाही तेच उत्तर. मी पुढं कितीतरी वर्षं कधी मस्करीत, कधी गोडीगुलाबीनं विचारत राहिलो. कधीकधी एखादा आकडा टाकून त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचो. ते शेंगा फोडत राहायचे.

आबा गेल्यावर एका शनिवारी तो व्यापारी मला बाजारात भेटला. पार थकला होता, काठी टेकत बैलांतून हिंडत होता. घ्यायचं काही नव्हतं, नुसता बघत होता. मी नमस्कार केला, ओळख दिली आणि सरळ विचारलं, "शेट, आता तरी सांगा. त्या दिवशी किती म्हणाला होता?"

त्यानं काठीवर दोन्ही हात टेकवले.

"तुझ्या बानं न्हाई सांगितलं?"

"नाही."

"मग मी कसा सांगू?" तो म्हणाला, आणि पुढच्या बैलाकडं वळला.